फिरतीवर आयुष्य काढलेल्या आजोबांचे चरित्र कसे लिहावे?

मिरजेचा नातू (प्रश्न):

नमस्कार. माझ्या आजोबांच्या जन्माला २०२६ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतात. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू. त्या निमित्ताने नात्यातल्या माणसांपुरती साठ-सत्तर पानांची स्मरणपुस्तिका काढावी, असे आम्हा नातवंडांच्या मनात आहे आणि लिहिण्याचे काम माझ्यावर सोपवले आहे. दोन महिने झाले, पहिल्या पानापुढे मी गेलेलो नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

अण्णा १९५१ ते १९८४ अशी तेहतीस वर्षे एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्याचे फिरते विक्रेते होते. तो कारखाना आता अस्तित्वात नाही. मिरज हे त्यांचे ठाणे आणि मिरजेहून कुर्डुवाडीमार्गे लातूरला जाणारी, ज्या रेल्वेला लोक शेवटपर्यंत ‘बार्शी लाइट’च म्हणत राहिले, ती अरुंद रुळांची गाडी ही त्यांची वाट. कवठे महांकाळ, ढालगाव, सांगोला, पंढरपूर, मोडनिंब, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, ढोकी, लातूर ही नावे आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ झाली, कारण आम्हाला झोपवताना अण्णा गोष्ट न सांगता स्टेशने म्हणत, आणि ढोकी येईपर्यंत सहसा कोणी जागे राहत नसे.

माझा जन्म १९७८चा. म्हणजे मला कळू लागले तेव्हा ते निवृत्त झाले होते आणि त्यांचा सगळा वेळ आमचा होता. सायकलच्या दांडीवर बसवून ते मला शाळेत सोडत, मधल्या सुट्टीत डबा घेऊन फाटकाशी उभे राहत. मला विषमज्वर झाला तेव्हा एकवीस दिवस माझ्या खाटेशेजारी चटई टाकून ते झोपले. रविवारी ते आम्हाला मिरज स्टेशनवर नेत आणि ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रुंदींचे रूळ आमच्याकडून पावलांनी मोजून घेत. असे आजोबा ज्याला लाभले त्याला लिहायला काही कमी पडू नये. पण माझ्या वडिलांना आठवणी विचारल्या तेव्हा ते म्हणाले, “तुम्हाला मिळालेले अण्णा आम्ही कधी पाहिले नाहीत. आमच्याकडे महिन्यातून आठ दिवस एक पाहुणा येत असे.” त्यानंतर त्यांनी या विषयावर बोलणे टाळले आहे.

माळ्यावरच्या ट्रंकेत अण्णांच्या एकवीस डायऱ्या, कार्बन प्रतींची ऑर्डरबुके, वळकटीचा चामडी पट्टा आणि फिरकीचा तांब्या सापडला. डायऱ्या अतिशय कोरड्या आहेत. गावाचे नाव, दुकानांची नावे, रकमा आणि ‘बँ.’, ‘सा.’, ‘प.मा.’ अशी अक्षरे, एवढेच. काही गावांभोवती वर्तुळ आहे. १९६८च्या जून महिन्यात एका पानावर चौकटीत एक पाच आकडी संख्या असून तिच्याखाली ‘ट्रं. २, ला.ना.’ असे लिहिले आहे. ती चौकट इतकी गिरवलेली आहे की पान फाटायला आले आहे. मागच्या पानांवर मात्र दुकानदारांच्या घरची नोंद तपशीलवार सापडते. कोणाच्या मुलीचे लग्न कधी, कोणाच्या मुलाला कोणत्या इयत्तेत किती गुण, कोणाच्या आईचे डोळ्यांचे ऑपरेशन. माझ्या वडिलांचे किंवा आत्याचे नाव एकवीस डायऱ्यांत एकदाही नाही.

या खुणांचा अर्थ कोणाला ठाऊक असेल तर कृपया सांगावा. शिवाय, वडिलांची खंत पुस्तिकेत यावी की नाही, याबद्दलही अनुभवी माणसांचे मत हवे आहे.

निवृत्त प्रतिनिधी:

मी १९६९पासून चौतीस वर्षे औषधांच्या विक्रीत होतो आणि त्यातली पहिली नऊ वर्षे याच लाइनवर काढली. तुमच्या आजोबांची माझी गाठ पडली असेलही, पण आम्ही ॲलोपॅथीवाले आणि ते काढे-आसवांवाले, त्यामुळे दुकाने एक असली तरी वेळा वेगळ्या.

‘बँ.’ म्हणजे बँकेमार्फत. माल रेल्वेत चढवला की मिळणारी पावती कारखाना दुकानदाराला थेट न पाठवता त्याच्या गावच्या बँकेत पाठवी. दुकानदाराने बँकेत पैसे भरावेत, पावती घ्यावी आणि ती दाखवून स्टेशनावरून पेट्या सोडवाव्यात, अशी पद्धत होती. ज्याच्या नावापुढे ‘बँ.’ नाही त्याला माल उधारीवर जात असे, आणि ही उधारी विक्रेत्याच्या शब्दावर मिळत असे. पैसे बुडाले तर कारखाना पहिला जाब त्यालाच विचारी. म्हणून एखाद्या दुकानदाराच्या नावापुढचे ‘बँ.’ कोणत्या वर्षी गळून पडले ते पाहा. अण्णांनी कोणावर कधीपासून विश्वास टाकला, त्याची ती नोंद आहे. डायरी कोरडी वाटते ती परक्याला. आमच्या धंद्यातला माणूस ती वाचताना थांबत थांबत वाचेल.

‘सा.’ म्हणजे साहेब बरोबर होते. त्या दिवशीच्या ऑर्डरी नेहमीपेक्षा मोठ्या दिसतील, कारण साहेबांसमोर आपली लाज राखा, असे दुकानदाराला आदल्या फेरीतच सांगून ठेवलेले असे. ‘प.मा.’ म्हणजे परत माल, फुटलेला किंवा आंबलेला. वर्तुळ म्हणजे रात्रीचा मुक्काम, कारण भत्ता मुक्कामावर ठरे. चौकटीतली संख्या बहुधा रेल्वे पावतीचा क्रमांक असावी आणि ‘ट्रं. २, ला.ना.’ म्हणजे नमुन्यांच्या दोन ट्रंका लगेजच्या डब्यात लादल्या गेल्या नाहीत, असा माझा तर्क आहे.

वडिलांच्या तक्रारीबद्दल एवढेच सांगतो की महिन्याचा फिरतीचा कार्यक्रम आधी मंजूर करून घ्यावा लागे आणि मंजूर मार्ग सोडून घरी गेले तर भत्ता कापला जाई, वर खुलासा द्यावा लागे. विक्री प्रतिनिधींच्या नोकरीच्या अटींसाठी कायदा झाला १९७६ मध्ये, आणि तोही सुरुवातीला आम्हा औषध कंपन्यांच्या लोकांपुरता होता. आयुर्वेदिक औषधांचा धंदा त्या कायद्याच्या कक्षेत नावानिशी आला तो २०११ मध्ये. तुमच्या आजोबांना नेमणुकीचे पत्र तरी मिळाले होते का, ते ट्रंकेत शोधा. मागच्या पानांवरच्या घरगुती नोंदी हा मात्र धंद्याचाच भाग होता. दुकानात शिरताच “धाकट्याचा पाय कसा आहे?” असे विचारणाऱ्याला दुकानदार बसायला गादी देतो, आणि गादीवर बसलेल्या माणसाला ऑर्डर मिळते. मीही अशा नोंदी ठेवत असे. आपल्या मुलांची इयत्ता कोणी डायरीत लिहून ठेवत नाही, असे मी तेव्हा समजत होतो. एकदा माझ्या मुलीची इयत्ता मी चुकीची सांगितली, ती आजही तो प्रसंग काढते.

जुने कागद:

मी घराण्यांचे आणि पेढ्यांचे जुने दफ्तर लावून देण्याचे काम हौसेने करतो. आधी जपणुकीचे सांगतो. गंजलेल्या टाचण्या काढून टाका, पानांना चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. कार्बन प्रती सर्वांत आधी पुसट होतात, म्हणून ऑर्डरबुकांची छायाचित्रे डायऱ्यांच्या आधी, दिवसाच्या उजेडात घ्या.

ज्या सुट्या कागदांवर साल नाही त्यांचे साल रकमांवरून लावता येते. रुपये-आणे-पै असतील तर कागद साधारणपणे १ एप्रिल १९५७च्या आधीचा, आणि ‘न.पै.’ असेल तर त्यानंतरच्या सात वर्षांतला. १९६४ मध्ये ‘नवे’ हा शब्द गळाला. लोकांनी जुन्या सवयीने काही काळ आणे लिहिले, हेही ध्यानात ठेवावे. तोळे आणि शेर जाऊन ग्रॅम येतात तेही याच काळात. पत्त्यात पिनकोड असेल तर तो कागद १५ ऑगस्ट १९७२नंतरचा.

दुसरी सूचना मांडणीची. जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती, निधन या क्रमाने लिहिलेली स्मरणपुस्तिका कोणी वाचत नाही. माझ्या कपाटात अशा चाळीस तरी आहेत. तुमच्याकडे तर अण्णांनीच आखून दिलेला क्रम तयार आहे. एकेका स्टेशनाला एक प्रकरण द्या. त्या गाडीचा वेग, तिचे उघडे दरवाजे, पंढरपूरच्या वारीत तिच्या टपावर बसणारी माणसे, हे सगळे आपोआप येईल. येडशीच्या प्रकरणात हेही येईल की उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, त्या काळी रेल्वे नव्हती आणि विक्रेत्याला येडशीला उतरून पुढे एस.टी. धरावी लागे. मिरज ते पंढरपूर हा फाटा १९२७चा, आणि आता ती सारी लाइन ब्रॉडगेज झाली आहे. म्हणून अण्णांची गाडी पुस्तिकेखेरीज दुसरीकडे कोठे भेटणार नाही. मे १९७४च्या डायरीत ८ तारखेनंतरचे तीन आठवडे मुद्दाम पाहा. रेल्वेचा देशव्यापी संप होता, तेव्हा ते कसे फिरले ते समजेल.

दुकानदाराची मुलगी:

आमचे पंढरपुरात काष्ठौषधींचे आणि किराण्याचे दुकान होते, त्यामुळे गल्ल्याच्या पलीकडून दिसणारे अण्णा मी सांगू शकते. ते तुमचेच अण्णा होते की त्यांच्यासारखे दुसरे कोणी, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. आमच्याकडे असे तीन-चार ‘कंपनीचे काका’ येत असत.

टांगा दारात थांबला की आजी आत आधणात दोन मुठी तांदूळ जास्त टाकत असे. काका आधी ऑर्डर लिहीत नसत. आधी मागच्या फेरीला सांगितलेली कामे पिशवीतून बाहेर निघत. मिरजेहून आमच्या भजनी मंडळासाठी तंबोऱ्याच्या तारा येत, एखाद्याचा चष्मा येई, मिशन हॉस्पिटलात कोणाला कोणत्या दिवशी आणावे याचा निरोप येई. आमच्या भागातली दुखणाईत माणसे तेव्हा मिरजेलाच जात आणि तिथे ओळखीचा माणूस असणे हा मोठा आधार होता. माझ्या आत्याचे स्थळ अशाच एका काकांनी बार्शीहून आणले. आषाढीच्या आधी पंधरा दिवस ते येत, कारण वारीत पोटाची औषधे हातोहात खपत, आणि प्रत्यक्ष एकादशीच्या आठवड्यात ते पंढरपूर टाळत, कारण मुक्कामाला कोपराही मिळत नसे.

१९७२च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. माणसे खडी फोडायला जात होती, लाल मिलो आणि सुकडी खात होती, दुकानात उधारीची वही भरून दुसरी आणली होती. त्या वर्षी काका वसुलीला आले, गादीवर बसले, चहा प्यायले आणि वही उघडलीच नाही. वडिलांनी हात जोडले तेव्हा म्हणाले, “मी आज पंढरपूरला आलोच नाही, असे समजा.” आपल्या डायरीत १९७२-७३ मध्ये पंढरपुरासमोर काय लिहिले आहे, ते पाहाल का?

विक्रेत्याची लेक:

आतापर्यंतचे सगळे वाचले. प्रश्नातही आणि उत्तरांतही आजींचा उल्लेख एकदाही आलेला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. महिन्यातले बावीस दिवस तुमचे वडील आणि आत्या ज्यांच्याकडे होते, त्यांच्यावाचून अण्णांची फिरती एक महिनाही चालली नसती.

माझे वडील स्टेशनरीचे विक्रेते होते आणि कोकणपट्टीत फिरत. मनिऑर्डर उशिरा आली की आई वाण्याकडे स्वतः न जाता मला पाठवीत असे, कारण मुलीला वाणी नाही म्हणत नाही. वडील घरी येत ते आठ दिवस घराचे सगळे नियम बदलत. जेवायच्या वेळा बदलत, रेडिओ बंद होई, आईने दिलेल्या परवानग्या रद्द होत. आम्ही त्यांच्या येण्याची वाट पाहत असू आणि चौथ्या दिवसापासून जाण्याचीही. हेच वडील माझ्या मुलाला मांडीवर घेऊन तासन्‌तास पतंगाला कण्या बांधून देत, तेव्हा मला प्रेम वाटे आणि त्याच वेळी रागही येई. तो राग माझ्या मुलाला कधी कळला नाही आणि कळायचे काही कारणही नव्हते. वडिलांची खंत तुम्ही लिहू नये. ती त्यांची आहे, त्यांनीच लिहावी, आणि तुम्ही ती जशीच्या तशी छापावी. आणि ऑर्डरबुके शोधलीत तसा आजींचा वाण्याचा हिशेबही शोधा.

तिसरी पिढी:

मी नम्रपणे असहमत आहे. शताब्दीची पुस्तिका नातेवाइकांच्या हाती जाणार, पुढे लग्नाकार्यांत तिच्यावर चर्चा होणार. गेलेल्या माणसाला खुलासा करता येत नाही. मुलाने वडिलांबद्दल काय वाटले ते घरात बोलावे, छापू नये. आमच्याकडे असे छापले गेले होते आणि दोन घरांतले येणे-जाणे त्यामुळे अजून बंद आहे.

मिरजेचा नातू:

सर्वांचा ऋणी आहे. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण या अवधीत बरेच घडले.

दुकानदाराची मुलगी यांच्यासाठी आधी. डिसेंबर १९७२ मध्ये पंढरपूरला वर्तुळ आहे, म्हणजे मुक्काम झाला. त्याखाली पाच दुकानांची नावे आहेत, चार नावांसमोर ‘वसुली नाही’ असे लिहिलेले आहे आणि पाचव्यासमोर नुसती आडवी रेघ आहे. त्या दुकानाचे नाव येथे लिहिणे बरे नाही, आपण मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. संपाच्या काळातल्या नोंदीही मिळाल्या. लातूरहून मिरजेला परतायला त्यांना तीन एस.टी. आणि एक मालट्रक लागला, आणि मालट्रकचे भाडे कारखान्याने नामंजूर केले. नेमणुकीचे पत्र मात्र नाही, फक्त १९६३चे पगारवाढीचे एक कार्ड मिळाले.

आजींची वही सापडली नाही. आत्याला विचारले तेव्हा ती हसून म्हणाली की आईचा हिशेब स्वयंपाकघराच्या दाराआड कोळशाने भिंतीवर असे आणि दर दिवाळीला रंग दिला की पुसला जाई. पुस्तिकेतले मिरजेचे प्रकरण आता आत्या सांगणार आहे आणि ते आजींचे असेल.

आता चौकटीतल्या संख्येबद्दल. रेल्वे पावतीचा तर्क मला पटला होता, म्हणून मी वडिलांना फक्त रेल्वेचे एखादे जुने कार्यालय ठाऊक आहे का, एवढे विचारायला ते पान दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “हा माझा मॅट्रिकचा नंबर आहे.” निकाल तेव्हा वर्तमानपत्रात क्रमांकांनी छापून येत. अण्णा त्या दिवशी कुर्डुवाडीला होते. ‘ट्रं. २’ म्हणजे दोन ट्रंका नव्हेत, दोन ट्रंक कॉल, आणि ‘ला.ना.’ म्हणजे लागला नाही. घरी फोन नव्हता, शेजारच्या लाकडाच्या वखारीत होता. त्या दिवशी वडील संध्याकाळपर्यंत वखारीच्या ओट्यावर बसून होते, आणि अण्णांनी फोन केला नाही, हे त्यांनी सत्तावन्न वर्षे धरून ठेवले होते. ते मला त्याच वेळी कळले. मी काही बोलण्याआधी ते म्हणाले, “वखारीचा फोन त्या पावसाळ्यात सारखा बंद पडायचा.” मग डायरी घेऊन आत गेले.

तिसरी पिढी यांचा इशारा मी गंभीरपणे घेतला आहे आणि वडिलांना तो वाचूनही दाखवला. त्यांनी चार पाने लिहिली आहेत. ती मी वाचायची नाहीत, शुद्धलेखनही तपासायचे नाही आणि पाकीट थेट छापखान्यात द्यायचे, अशी त्यांची अट आहे. ती चार पाने कोणत्या स्टेशनाला घालायची, एवढेच त्यांनी पाकिटावर लिहून दिले आहे. कुर्डुवाडी नव्हे, ढोकी.